परतणारे खेळाडू ट्रेडची जागा घेऊ शकतात का? न्यूयॉर्क यांकीज, हंगाम २०१९

प्रकरणाची ओळख

३१ जुलै २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता मेजर लीग बेसबॉलमधील खेळाडूंच्या अदलाबदलीची, म्हणजे ट्रेडची, मुदत संपली, तेव्हा अमेरिकन लीगच्या पूर्व विभागात आघाडीवर असलेल्या न्यूयॉर्क यांकीजने मुख्य संघासाठी एकही नवा खेळाडू घेतलेला नव्हता. कोलोरॅडोकडून आलेला मायनर लीगमधला, म्हणजे मुख्य लीगखालच्या दुय्यम स्पर्धांमधला, एक डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) एवढीच त्या दिवसाची मिळकत होती. बाजारातल्या किमती परवडणाऱ्या नाहीत आणि आपलेच काही मोठे खेळाडू दुखापतीतून बरे होऊन सप्टेंबरपर्यंत परततील, या दोन गोष्टींवर संघाचे गणित उभे होते. त्या गणिताचे पुढे काय झाले आणि मांडणीत ते कुठे चुकले, याचा हा अभ्यास आहे.

घटना सार्वजनिक नोंदीतल्या असल्यामुळे संघाची, व्यवस्थापकांची आणि खेळाडूंची नावे तशीच ठेवली आहेत. डॉक्टर आणि फिजिओ यांच्यापैकी कोणाचाही उल्लेख नावाने केलेला नाही. प्रश्न व्यक्तींचा नसून, तारखेवर भिस्त ठेवून घेतलेल्या निर्णयाचा आहे.

पार्श्वभूमी

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी दोन गोष्टी आधी स्पष्ट करायला हव्यात. बेसबॉलमध्ये सामन्याची सुरुवात करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, साधारणपणे दर पाचव्या दिवशी खेळतो आणि शक्य तितक्या इनिंग एकटा टाकतो. तो थकला की उरलेला सामना बुलपेनमधले, म्हणजे राखीव ताफ्यातले, रिलीव्हर पिचर पुरा करतात. स्टार्टर लवकर बाहेर पडला तर तो भार त्याच दिवशी बुलपेनवर पडतो आणि दुसऱ्या, तिसऱ्या दिवशीच्या सामन्यातही जाणवतो. दुसरी गोष्ट ट्रेडची. हंगाम चालू असताना दुसऱ्या संघाकडून तयार खेळाडू घ्यायचा, तर त्या बदल्यात बहुधा मायनर लीगमध्ये घडत असलेले होतकरू खेळाडू द्यावे लागतात. तयार खेळाडू आजचा सामना जिंकून देतो आणि त्याची किंमत संघाच्या चारपाच वर्षांनंतरच्या भवितव्यातून वळती होते.

२०१९ मध्ये या व्यवहाराच्या नियमात एक मोठा बदल झाला होता. त्याआधी जुलैची मुदत उलटल्यावरही ऑगस्टमध्ये वेव्हर्सच्या पद्धतीने, म्हणजे खेळाडू आधी इतर संघांपुढे मांडून, ट्रेड करता येत असे. २०१७ मध्ये ह्यूस्टन ॲस्ट्रोजने जस्टिन व्हरलँडरला ३१ ऑगस्टच्या रात्री याच वाटेने मिळवले आणि त्या वर्षी ते विश्वविजेते झाले. २०१९ पासून ही वाट बंद झाली. आता ३१ जुलै ही एकच मुदत उरली आणि तिच्यानंतर कोणी जखमी झाला तर त्याच्या जागी बाहेरून दमदार खेळाडू आणण्याचा मार्ग जवळपास संपला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे, कारण परतणाऱ्या खेळाडूंच्या तारखा सप्टेंबरच्या होत्या आणि खरेदीचे दार मात्र जुलैअखेर बंद होत होते.

यांकीजचा तो हंगाम दुखापतींसाठीच लक्षात राहिला. वर्षभरात त्यांचे ३० वेगवेगळे खेळाडू मिळून ३९ वेळा जखमींच्या यादीत गेले आणि हा विक्रम ठरला. एरन जज पोटाच्या बाजूचा स्नायू दुखावल्याने एप्रिलच्या २० तारखेपासून दोन महिने बाहेर होता. तिसऱ्या बेसवरचा मिगेल आन्दुहार खांद्याच्या दुखापतीमुळे अवघे १२ सामने खेळू शकला. शॉर्टस्टॉप डिडी ग्रेगोरियस कोपराच्या शस्त्रक्रियेतून सावरून जूनमध्ये आला. जियानकार्लो स्टॅंटन तिसऱ्याच सामन्यानंतर दंडाच्या दुखण्याने गेला, सावरत असताना खांदा आणि पोटरी दुखावली, १८ जूनला परतला आणि आठवडाभरातच गुडघा दुखावून पुन्हा बाहेर गेला.

एवढे होऊनही संघ जिंकत राहिला, आणि तो का जिंकत राहिला हे नीट पाहण्यासारखे आहे. आन्दुहारची जागा जिओ उर्शेलाने भरून काढली. त्याला आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये टोरोंटोकडून केवळ रोख रक्कम देऊन घेतले होते, आणि त्याने .३१४ ची सरासरी (दर हजार प्रयत्नांमागे ३१४ हिट) आणि २१ होम रन अशी कामगिरी केली. माइक टॉकमन हंगामाच्या तोंडावर मार्चमध्ये कोलोरॅडोकडून आला, कॅमेरॉन मेबिन एप्रिलमध्ये क्लीव्हलँडकडून पुन्हा रोख रकमेवरच आला आणि जूनमध्ये सिएटलकडून एडविन एन्कार्नासिओन आला. हिवाळ्यात दोन वर्षांच्या करारावर घेतलेल्या डी. जे. लेमेह्यूने .३२७ ची सरासरी राखली. पडझड झालेल्या फलंदाजीला या संघाने बाहेरून, वेळेआधी आणि स्वस्तात आणलेल्या खेळाडूंनी सावरले होते. जज आणि ग्रेगोरियस परतले ते या सावरलेल्या संघात परतले.

समस्या

फलंदाजीची घडी बसली, पिचिंगची मात्र बसली नाही. संघाचा सर्वांत भरवशाचा स्टार्टर लुईस सेव्हरिनो याच्याशी फेब्रुवारीत चार वर्षांचा, चार कोटी डॉलरचा करार झाला होता. मार्चच्या पहिल्या आठवड्यात सरावसामन्यापूर्वी त्याच्या उजव्या खांद्यात सूज निघाली. विश्रांतीनंतर चेंडू टाकायला सुरुवात केल्यावर एप्रिलमध्ये बगलेखालून पाठीकडे जाणारा मोठा स्नायू, ज्याला खेळाच्या भाषेत लॅट म्हणतात, ताणला गेल्याचे निष्पन्न झाले. चार वेळा ऑल-स्टार ठरलेला रिलीव्हर डेलिन बेटान्सेस याचीही कथा जवळपास तशीच होती: आधी खांदा, मग सावरण्याच्या टप्प्यावर जूनमध्ये लॅट. एकाच संघात, एकाच हंगामात, दोन पिचर एकाच क्रमाने दुखावले. पुढच्या तारखांवर किती विसंबायचे हे ठरवताना ही गोष्ट फार वजनाची होती.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात उणीव उघडी पडली. २५ जुलैला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर रेड सॉक्सने यांकीजचा १९-३ असा पराभव केला. मासाहिरो तनाकाने त्या सामन्यात चार इनिंगही पुऱ्या न करता १२ धावा दिल्या. त्या दिवसांत इतर स्टार्टरही सपाटून मार खात होते. सी. सी. सबाथिया कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षात होता आणि त्याचा गुडघा अधूनमधून त्याला बाहेर बसवत होता. जे. ए. हॅपला होम रन फार बसत होते. तरुण डोमिंगो हर्मान जिंकत होता, पण पूर्ण हंगामाचा भार त्याने आजवर कधी पेलला नव्हता.

संघासमोरचा प्रश्न वरवर सोपा दिसत होता: बाहेरून स्टार्टर आणायचा की सेव्हरिनोची वाट पाहायची? खरे तर त्यात तीन प्रश्न गुंतले होते. सेव्हरिनो येईल का? आला तर ऑक्टोबरमधल्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, किती इनिंग टाकू शकेल? आणि तो आलाच नाही, किंवा तो येईपर्यंत दुसरा कोणी गेला, तर काय?

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय मोठ्या ट्रेडचा होता. त्या आठवड्यात बाजार गरम होता. मार्कस स्ट्रोमन टोरोंटोकडून मेट्सकडे गेला, ट्रेव्हर बावर क्लीव्हलँडकडून सिनसिनाटीकडे गेला आणि शेवटच्या क्षणी झॅक ग्रिंकी ॲरिझोनाकडून ह्यूस्टनकडे गेला. ग्रिंकीसाठी ह्यूस्टनने चार होतकरू खेळाडू दिले आणि २०२१ पर्यंतच्या त्याच्या महागड्या कराराचा मोठा वाटा उचलला. यांकीजला ग्रिंकी मिळालाच असता असे म्हणता येणार नाही, कारण काही ठरावीक संघांकडे जाण्यास नकार देण्याचा हक्क त्याच्या करारात होता. तरीही त्या दर्जाचा स्टार्टर घ्यायचा तर काय मोजावे लागते, हे त्या व्यवहारातून दिसते. यांकीजकडे मागणी येईल असे होतकरू खेळाडू होते. पिचर देइवी गार्सिया आणि फलंदाज क्लिंट फ्रेझर यांची नावे त्या वेळी सर्वाधिक चर्चेत होती. याखेरीज लक्झरी टॅक्सचा, म्हणजे ठरावीक मर्यादेपलीकडच्या एकूण पगारावर लीग लावत असलेल्या दंडाचा, विचार होता. त्या वर्षी पहिली मर्यादा २० कोटी ६० लाख डॉलरची होती आणि यांकीजने ती ओलांडलेली होती. पगार वाढत गेल्यास वरच्या मर्यादांचा दंड आणखी चढणार होता.

दुसरा पर्याय मधला होता: मोठे नाव न घेता, पाचसहा इनिंग खात्रीने टाकणारा साधा स्टार्टर किंवा एखादा रिलीव्हर एखाद्या मायनर लीग खेळाडूच्या बदल्यात आणायचा. असे व्यवहार त्या आठवड्यात झालेही. मिल्वॉकीने पिट्सबर्गकडून जॉर्डन लाइल्स घेतला, वॉशिंग्टनने टोरोंटोकडून डॅनियल हडसन घेतला आणि दोघांच्याही बदल्यात प्रत्येकी एकेक मायनर लीग पिचर दिला गेला. असा खेळाडू वर्तमानपत्राच्या मथळ्यात येत नाही आणि संघाच्या चाहत्यांना त्याने समाधानही वाटत नाही.

तिसरा पर्याय वाट पाहण्याचा होता. सेव्हरिनो, बेटान्सेस आणि स्टॅंटन हे तिघे परतले तर त्यांच्या तोडीचे खेळाडू बाजारात कोणत्याही किमतीला मिळणार नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद होता आणि तो पोकळ नव्हता. त्यासाठी एकही होतकरू खेळाडू गमवावा लागत नव्हता. आणि वर्षभर जो बाहेर गेला त्याची जागा कोणीतरी घेतच आला होता, त्यामुळे संघात आत्मविश्वासही होता.

निर्णय आणि त्यामागचे तर्क

यांकीजचे जनरल मॅनेजर ब्रायन कॅशमन यांनी तिसरा पर्याय स्वीकारला. बाहेरून पाहता तो संयमाचा निर्णय वाटतो, आणि काही अंशी होताही. १९९८ पासून संघ चालवणाऱ्या माणसाला जुलैच्या अखेरच्या तासात फुगवलेल्या किमतीला बळी पडण्याचे तोटे चांगलेच ठाऊक असतात. विभागात आघाडी पक्की होती. प्लेऑफमध्ये जाण्यासाठी ट्रेडची गरज नव्हती. गरज होती ती ऑक्टोबरच्या मालिकांसाठी, आणि ऑक्टोबरला अजून दोन महिने होते.

माझा आक्षेप निष्कर्षावर कमी आणि मोजमापावर जास्त आहे. दुसऱ्या संघाचा जखमी खेळाडू घ्यायची वेळ आली की प्रत्येक जनरल मॅनेजर त्याचे वैद्यकीय कागद मागवतो, दुखापतीचा इतिहास काढतो आणि किंमत निम्म्यावर आणतो. घरच्या खेळाडूच्या बाबतीत मात्र तो बरा असतानाचे रूप डोळ्यांसमोर येते. सेव्हरिनो म्हटले की २०१८ मध्ये १९ सामने जिंकलेला सेव्हरिनो आठवतो. पाच महिने एकही सामना न खेळलेला, दोनदा मागे गेलेला, सप्टेंबरच्या मध्यावर चार इनिंगपुरता परतू शकेल असा सेव्हरिनो आठवत नाही. तोच सेव्हरिनो दुसऱ्या संघात असता आणि ३१ जुलैला विक्रीला आला असता, तर यांकीजने त्याच्यासाठी किती मोजले असते, हा प्रश्न त्या दिवशी विचारायला हवा होता.

दुसरी चूक एकमेकांशी जोडलेल्या शक्यता सुट्या मानण्याची होती. उदाहरणादाखल असे धरू की तिघांपैकी प्रत्येकाची ऑक्टोबरमध्ये पूर्ण ताकदीने उपलब्ध असण्याची शक्यता ६० टक्के आहे. या शक्यता एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर तिघेही एकाच वेळी उपलब्ध असण्याची शक्यता सुमारे २२ टक्केच उरते. शिवाय ज्या संघात दोन पिचर एकाच क्रमाने, सावरताना, दुसऱ्यांदा दुखावतात, तिथे एकाचे बिनसले तर दुसऱ्याचेही बिनसण्याची भीती वाढते, कारण दोघांच्या सरावाची आखणी आणि देखरेख एकाच व्यवस्थेकडे असते.

तिसरी गोष्ट वेळापत्रकाची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जखमी पिचर परतण्यापूर्वी मायनर लीगमध्ये काही सामने खेळून हात मोकळा करतो. २०१९ मध्ये मायनर लीगचा नियमित हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीलाच संपत होता. त्यामुळे ऑगस्टअखेर तयार होणाऱ्या खेळाडूला सरावसामन्यांसाठी फार थोडे दिवस मिळणार होते आणि स्टार्टरला हळूहळू सत्तर, ऐंशी, नव्वद चेंडूंपर्यंत नेण्यासाठी लागणारा अवधी उरणार नव्हता. १५ ऑगस्टला परतणारा सेव्हरिनो आणि १७ सप्टेंबरला परतणारा सेव्हरिनो हे ऑक्टोबरच्या दृष्टीने दोन वेगळे पिचर आहेत.

घडत गेलेल्या गोष्टी

मुदत संपताच दैवानेही साथ सोडली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एन्कार्नासिओनच्या मनगटावर चेंडू लागून हाड मोडले, सेंटर फील्डर एरन हिक्सचा उजवा हात दुखावला आणि पहिल्या बेसवरचा ल्यूक व्हॉइट हर्नियामुळे आधीच यादीत गेला होता. सप्टेंबरमध्ये टॉकमनची पोटरी गेली. १९ सप्टेंबरला यांकीजने २०१२ नंतर प्रथमच विभागाचे विजेतेपद पटकावले आणि त्याच दिवशी हंगामात १८ सामने जिंकलेला हर्मान लीगच्या कौटुंबिक हिंसाचारविषयक धोरणाखाली चौकशीसाठी रजेवर पाठवला गेला. तो पुन्हा त्या वर्षी खेळला नाही. हे दुखापतीचे प्रकरण नव्हते आणि कोणी त्याचा अंदाज बांधू शकले नसते. पण जुलैमध्ये ज्याच्या हातावर स्टार्टिंगची घडी बसवली होती तो पिचर ऑक्टोबरच्या तोंडावर गेला, एवढे मात्र खरे.

१५ सप्टेंबरला टोरोंटोत बेटान्सेस हंगामात प्रथमच मैदानात उतरला. त्याने दोन फलंदाजांना आठ चेंडूंत बाद केले, दोघांनाही स्ट्राइक आउट करून. दुसरा बाद झाल्यावर त्याने माउंडवरून, म्हणजे पिचर चेंडू टाकतो त्या उंचवट्यावरून, हलकीशी उडी मारली आणि डावा पाय जरासा चुकीचा पडला. तपासणीत घोट्यामागची अकिलीज शीर अर्धवट फाटल्याचे निघाले. खांदा बरा झाला होता, लॅट बरा झाला होता; सहा महिन्यांच्या प्रतीक्षेचे फळ आठ चेंडूंचे निघाले. हा प्रसंग मी पुनःपुन्हा पाहिला आहे आणि त्या उडीत बेफिकिरी दिसत नाही, दिसतो तो इतक्या दिवसांनी पुन्हा खेळायला मिळाल्याचा आनंद.

दोन दिवसांनी, १७ सप्टेंबरला, सेव्हरिनो यांकी स्टेडियमवर एंजल्सविरुद्ध परतला आणि त्याने चार इनिंगमध्ये एकही धाव दिली नाही. १८ सप्टेंबरला स्टॅंटन आला. कागदावर तिघांपैकी दोघे वेळेवर हजर झाले.

निष्पत्ती

यांकीजने १०३ सामने जिंकले, ३०६ होम रन मारले आणि डिव्हिजन सिरीजमध्ये मिनेसोटा ट्विन्सला ३-० असे हरवले. त्या मालिकेचा तिसरा सामना सेव्हरिनोने सुरू केला. दुसऱ्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले, एकही आउट नाही, आणि घरच्या मैदानावर मिनिआपोलिसचे प्रेक्षक उभे. तिथून त्याने एकही धाव न देता इनिंग संपवली. परतलेला खेळाडू ट्रेडची जागा घेऊ शकतो असे म्हणणाऱ्यांना दाखवता येईल असा हा क्षण आहे आणि त्याचे मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. पण त्याच सामन्यात चौथ्या इनिंगनंतर तो बाहेर आला. पुढे ह्यूस्टनविरुद्धच्या लीग चॅम्पियनशिप सिरीजच्या तिसऱ्या सामन्यात तो चार इनिंग आणि एक आउट एवढेच टाकू शकला. दोन सामन्यांत मिळून आठ इनिंग आणि एक आउट. उरलेल्या नऊ इनिंग आणि दोन आउट बुलपेनला पुऱ्या कराव्या लागल्या.

स्टॅंटनने ह्यूस्टनविरुद्ध पहिल्याच सामन्यात होम रन मारला, मांडीचा स्नायू दुखावून घेतला आणि पुढचे तीन सामने बाकावर काढले. एन्कार्नासिओन मनगट आणि नंतर पोटाच्या बाजूचा स्नायू बरा करून आला होता. त्या मालिकेत त्याला १८ प्रयत्नांत एकच हिट मिळाला. सबाथियाचा खांदा चौथ्या सामन्यात माउंडवरच निखळल्यासारखा झाला आणि त्याची कारकीर्द तिथेच संपली. उलट बाजूने हेही सांगायला हवे की हिक्स, ज्याच्या परतण्याची कोणालाच आशा नव्हती, तो त्या मालिकेसाठी संघात आला आणि पाचव्या सामन्याच्या पहिल्याच इनिंगमध्ये व्हरलँडरला त्याने मारलेल्या तीन धावांच्या होम रनने तो सामना जिंकून दिला. ज्याच्यावर हिशेब मांडला तो लंगडत आला आणि ज्याला हिशेबातून वगळले त्याने सामना जिंकला. परतण्याच्या तारखांचा स्वभाव असा असतो.

पावसामुळे एक दिवस वाया गेल्याने चौथा, पाचवा आणि सहावा सामना सलग तीन दिवसांत आला. १९ ऑक्टोबरला सहाव्या सामन्यासाठी यांकीजकडे ताजा स्टार्टर नव्हता. सेव्हरिनो चारच दिवसांपूर्वी खेळला होता. चॅड ग्रीन या रिलीव्हरने सुरुवात केली आणि पहिल्याच इनिंगमध्ये युली गुरिएलने त्याला तीन धावांचा होम रन मारला. नवव्या इनिंगमध्ये लेमेह्यूने दोन धावांच्या होम रनने बरोबरी साधली, पण त्याच इनिंगच्या दुसऱ्या अर्ध्यात, ह्यूस्टनच्या पाळीत, होझे अल्तुवेने अरोल्डिस चॅपमनच्या स्लायडरवर होम रन मारून सामना ६-४ असा आणि मालिका ४-२ अशी संपवली. न्याय म्हणून हेही नोंदवले पाहिजे की त्या सामन्यात ह्यूस्टननेही रिलीव्हरपासूनच सुरुवात केली होती. त्यांच्या फरकाचे मूळ आधीच्या दिवसांत होते: गेरिट कोल, व्हरलँडर आणि ग्रिंकी या तीन स्टार्टरमुळे त्यांना अशी कसरत मालिकेत एकदाच करावी लागली. तिसऱ्या सामन्यात सेव्हरिनो पाचव्या इनिंगमध्ये बाहेर गेला तेव्हा समोर गेरिट कोल सात इनिंग एकही धाव न देता टाकून गेला.

ग्रिंकी स्वतः त्या मालिकेत फार चमकला नाही. पहिल्या सामन्यात यांकीजने ह्यूस्टनला ७-० असे हरवले तेव्हा सुरुवात त्यानेच केली होती, आणि चौथ्या सामन्यात तो पाच इनिंगही टिकला नाही. तेव्हा ‘ग्रिंकी घेतला असता तर जिंकलो असतो’ हे सोपे विधान पुराव्यावर उभे राहत नाही.

काय वेगळे करता आले असते

मधला पर्याय माझ्या मते सर्वांत जास्त विचार करण्याजोगा होता आणि त्यावरच सर्वांत कमी बोलले गेले. लाइल्सची पिट्सबर्गमधली त्या वर्षीची सरासरी दर नऊ इनिंगमागे दिलेल्या पाच धावांच्या वर होती. मिल्वॉकीत आल्यावर त्याने ११ सामने सुरू केले आणि सातांत विजय, एकात पराभव अशी कामगिरी केली. वॉशिंग्टनने घेतलेल्या हडसनने तर ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्येच वर्ल्ड सिरीजचा शेवटचा आउट घेतला. हेच दोघे निवडायला हवे होते असे जुलैमध्ये कोणी सांगू शकत नव्हते, आणि पश्चाद्बुद्धीने नावे सांगणे हा अभ्यास नव्हे. पण एक साधा स्टार्टर आणि एक रिलीव्हर घेऊन ठेवला असता तर सेव्हरिनोची आणि बेटान्सेसची वाट पाहणे थांबवावे लागले नसते. दोन्ही गोष्टी एकत्र करता येत होत्या. संघाने त्यांना एकमेकींचा पर्याय मानले, तिथे फाटा चुकला. विशेष म्हणजे फलंदाजीत हेच सूत्र त्यांनी स्वतः उत्तम राबवले होते: आन्दुहारच्या तब्येतीची वाट पाहत बसण्याऐवजी उर्शेला हाताशी होता.

दुसरा बदल ट्रेडच्या बैठकीतल्या कागदांचा असायला हवा होता. घरच्या जखमी खेळाडूचा कागद बाहेरच्या खेळाडूच्या कागदासारखाच तयार करता येतो: दुखापत कोणती, सावरताना मागे किती वेळा गेला, शेवटचा पूर्ण सामना कधी, परतल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत जास्तीत जास्त किती चेंडू, आणि मायनर लीगमध्ये किती सामने उपलब्ध. हा कागद संघाचे स्वतःचे प्रशिक्षक न बनवता बाहेरच्या वैद्यकीय सल्लागाराने बनवला तर अधिक बरे, कारण रोज त्याच्यासोबत मेहनत घेणारा माणूस त्याच्या बरे होण्याकडे आशेनेच पाहणार, आणि त्याने तसेच पाहावे. त्या कागदावर सेव्हरिनोची नोंद ‘पहिला स्टार्टर’ अशी न होता ‘चार इनिंगचा स्टार्टर, अनिश्चित’ अशी झाली असती, आणि मग उरलेल्या इनिंग कोण टाकणार हा प्रश्न जुलैमध्येच टेबलावर आला असता.

होतकरू खेळाडू राखल्याचा फायदाही तपासून पाहावा लागेल. गार्सियाने २०२० मध्ये यांकीजसाठी पदार्पण केले, पण त्याचा जम बसला नाही आणि ऑगस्ट २०२३ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सने त्याला वेव्हर्सवरून, म्हणजे यांकीजला काहीही न देता, उचलले. फ्रेझरलाही यांकीजने २०२१ नंतर सोडून दिले. तरुण खेळाडूचे मोल हाही एक अंदाजच असतो. जुलै २०१९ मध्ये तो अंदाज चढा होता आणि जखमी खेळाडूंबद्दलचा अंदाजही चढाच होता.

संघाने स्वतःही काही धडे घेतले. हंगामानंतर दुखापती आणि शारीरिक तयारीची जबाबदारी सांभाळणारी व्यवस्था बदलण्यात आली आणि जानेवारी २०२० मध्ये त्यासाठी नवा संचालक नेमला गेला. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांनी कोलला नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर देऊन घेतले. तिसऱ्या सामन्यात त्यांना गप्प करणारा पिचर त्यांनी होतकरू खेळाडू न देता, पण पैशाच्या रूपाने फार मोठी किंमत मोजून आणला. सेव्हरिनोच्या कोपरावर फेब्रुवारी २०२० मध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे कोपराचा दुखावलेला अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया, झाली आणि तो संपूर्ण हंगाम बाहेर राहिला.

दोन वर्षांनी अटलांटा ब्रेव्ज याच जागी उभे होते. १० जुलै २०२१ ला त्यांच्या रोनाल्ड अकुन्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आणि त्याच्या परतण्याची वाट पाहण्याचा प्रश्नच उरला नाही. त्यांचे जनरल मॅनेजर ॲलेक्स अँथोपूलस यांनी जुलैअखेरपर्यंत मोठे नाव न घेता चार आउटफिल्डर आणले. त्यातला एडी रोझारिओ क्लीव्हलँडच्या जखमींच्या यादीत होता. पोटाच्या बाजूचा स्नायू दुखावलेला, लगेच खेळू न शकणारा हा खेळाडू त्याच कारणाने इतका स्वस्त मिळाला की त्याच्या बदल्यात गेलेल्या पाब्लो सँडोव्हलला क्लीव्हलँडने मैदानात न उतरवता तत्काळ मोकळे केले. अटलांटाने रोझारिओची किंमत जखमी म्हणूनच लावली, त्याच्याखेरीज आणखी तिघे घेऊन ठेवले, आणि तो परतेल त्या दिवसापर्यंत त्याच्यावाचून खेळण्याची सोय केली. २८ ऑगस्टला तो त्यांच्यासाठी पहिला सामना खेळला आणि ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्धच्या सहा सामन्यांत .५६० च्या सरासरीने १४ हिट मारून मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.